कानाला लावलेला हात

रविवार, १० फेब्रुवारी

ही डायरी बाबांची. कातड्याच्या एका व्यापाऱ्याने नाताळात वाटलेली. बाबा बुटांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तो दरवर्षी एक पाठवायचा. यंदाचीही आली. वर सोनेरी अक्षरांत नाव, श्री. नाझारेनो बेल्लेज्जा. बाबा ऑक्टोबरात गेले, हे त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. म्हणजे मीच कळवलेलं नाही.

लोरेदाना म्हणाली, "माझ्याशी बोलत नाहीस, निदान हिच्यात लिही." माझी बायको औषधांच्या दुकानात काम करते. समोर माणूस आला की त्याला काहीतरी दिल्याशिवाय ती परत पाठवत नाही.

तर लिहितो. आज रोक्काल्बात सामना होता. रोक्काल्बा म्हणजे माझं गाव. मी धावायला शिकलो तो याच मैदानावर, आणि व्यावसायिक म्हणून पहिली सात वर्षं खेळलो तीही यांच्याचकडून. आता चौतिसाव्या वर्षी समुद्रकाठच्या पोर्तोवेल्लोचा शर्ट घालतो. दोन्ही संघ तिसऱ्या विभागाच्या तळाशी. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्नर आला, मी डोकं लावलं, गोल झाला.

जुन्या संघावर गोल केला तर आनंद करायचा नसतो. दोन्ही हात जरा वर उचलायचे, माफ करा म्हटल्यासारखे, आणि मान खाली घालून चालू लागायचं. मी हात उचलले नाहीत. मान तेवढी खाली गेली, कारण बुटाची नाडी सुटली होती. वाकून बांधली. उठून बघतो तर अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय. गोल त्यांच्यावर झाला होता आणि टाळ्या मला.

काहीतरी वाटेल म्हणून क्षणभर थांबलो. काही वाटलं नाही. सामना बरोबरीत सुटला. बसमध्ये हॅमचं सँडविच खाल्लं. पाव शिळा होता.


सोमवार, ११ फेब्रुवारी

पेपरात अर्धं पान. ‘जुन्या वळणाचा माणूस’ असा मथळा आणि खाली नाडी बांधतानाचा माझा फोटो. बातमीदाराने लिहिलंय की बेल्लेज्जाने गावच्या मातीपुढे गुडघा टेकला.

बाहेरगावच्या सामन्यांना ओदो माझ्या खोलीत असतो. तो बचावपटू आहे आणि आचरटही. सरावाला आल्याआल्या त्याने सगळ्या ड्रेसिंग रूमसमोर माझ्या पायाशी लोटांगण घातलं. "गुरुदेव, माती! माती द्या थोडी!"

"नाडी सुटली होती रे."

"हे कुणाला सांगू नकोस. लोक चर्चमध्ये तुझा फोटो लावतील, कशाला बिचाऱ्यांची निराशा करतोस?"

सगळे हसले. मीही हसलो. हसायची जागा कळते अजून, ती चुकत नाही.


गुरुवार, १४ फेब्रुवारी

सेत्तिमिओचा फोन आला होता. रोक्काल्बातला गॅरेजवाला, बाबांचा जुना दोस्त. "एर्मेस, तुझ्या बापाची पांडा दारात उभी आहे, पालिकेवाले नोटीस चिकटवून गेलेत. मेअखेर तपासणीची मुदत संपतेय. पास करून देऊ की भंगारात देऊ? काहीतरी एक सांग."

म्हटलं, बघतो.

"ऑक्टोबरपासून बघतोयस. चावी माझ्याकडे आहे, घराचीही आहे. तू ये तरी."

बघतो म्हणून ठेवून दिला.

पांडा म्हणजे त्यांची छोटी मोटार, पांढरी, जुनी, चौकोनी. बाबा माझ्या सामन्यांना तीच घेऊन यायचे. पण आत कधी यायचे नाहीत. त्यांना बघवायचं नाही. मी कुमार संघात असताना एकदा आले होते, मला कुणीतरी पाडलं आणि बाबा कुंपणावर चढले. तेव्हापासून ते बाहेरच, पार्किंगमध्ये, गाडीत काचा वर करून स्थानिक रेडिओवर सामना ऐकत बसायचे. आई होती तेव्हा विचारायची, "अहो, बघवत नाही तर ऐकवतं कसं?" बाबा म्हणायचे, "रेडिओत त्याच्या पायावर कोण येतंय ते दिसत नाही." रोक्काल्बाला सरूच्या झाडांमागे त्यांची जागा ठरलेली होती. मी इतर गावांना खेळायला लागलो तेव्हा प्रत्येक गावात त्यांनी एकेक जागा शोधून ठेवली.

मी गोल केला की ते हॉर्न वाजवायचे. म्हणून गोल झाल्यावर मी धावायचो नाही, शर्ट काढायचो नाही. उभा राहायचो आणि उजवा हात कानामागे धरायचो. लोकांना वाटायचं मी त्यांना चिडवतोय, आता का गप्प बसलात म्हणून. शिव्या पडायच्या, दोनदा पिवळं कार्डही मिळालं. नाव पडलं ते बहिरा. या विभागात कुणालाही विचारा, बेल्लेज्जा म्हटलं तर दोन क्षण विचार करतील, बहिरा म्हटलं की लगेच ओळखतील.

घरी आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वाजवला होता. ऐकलास?"

"ऐकला, बाबा."

मग जेवायचो.


रविवार, ३ मार्च

आज घरच्या मैदानावर व्हाल्देमोराला हरवलं. एकमेव गोल माझा. चांगला गोल होता, छातीवर घेतला, वळलो, डाव्या पायाने कोपऱ्यात. पूर्वी अशा गोलाची स्वप्नं पडायची.

गोलामागच्या स्टँडवर आमचे कट्टर पाठीराखे असतात, ते नुसते खाली कोसळत होते. ओदो मागून पळत आला आणि उडी मारणार तेवढ्यात माझं तोंड बघून थांबला. "काय झालं? ऑफसाइड दिलं का?"

"नाही."

"मग?"

मी मध्यरेषेकडे चालू लागलो होतो. हात खालीच होता. लोक हळूहळू गप्प झाले. व्हाल्देमोराकडून मी कधी खेळलेलो नाही, तिथे माझं कुणी नाही, त्यांना मान देण्याचा प्रश्न येत नाही. हे आमच्या लोकांनाही कळलं. शेवटी मी बदली होऊन बाहेर आलो तेव्हा काहीजण शिट्या वाजवत होते. आपल्याच माणसाला, जिंकून देणाऱ्याला. गंमत आहे.


मंगळवार, ५ मार्च

सरावाच्या मैदानाबाहेर चादरीवर रंगवून फलक लावलाय. ‘बहिऱ्या, तू कुणासाठी खेळतोस?’

गावात दोन कथा फिरतायत. एक, की मी दुसऱ्या संघाशी आधीच ठरवून टाकलंय. दुसरी, की मला पोर्तोवेल्लोची लाज वाटते. कॉफी प्यायला गेलो तर बारवाल्याने कप जरा जोरात ठेवला. साखर दिली नाही.

आमचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मिस्टर म्हणतात, त्यांनी बोलावून घेतलं. चांगला माणूस आहे. आधी पाणी दिलं.

"तुझ्यावर माझा संशय नाही. कुठे जाणार तू या वयात?"

"कुठे नाही."

"मग एवढंच सांग, गोल झाल्यावर तू मेलेल्यासारखा का चालतोस? ती पोरं तुझ्याकडे बघतात. आपण खड्ड्याच्या तोंडाशी आहोत. त्यांना कुणीतरी ओरडणारा हवाय."

"मी दमलोय, मिस्टर."

"कधीपासून?"

मी विचार केला. खरंच विचार केला, पण तारीख सापडली नाही. ते म्हणाले, "मग काही दिवस बाकावर बस." वाईट वाटायला हवं होतं. मी विचारलं की सराव किती वाजता.


मंगळवार, १९ मार्च

आज संत जोसेफांचा दिवस, म्हणजे वडिलांचा दिवस. लोरेदाना दरवर्षी या दिवशी क्रीम भरलेले दोन तळलेले गोड पाव आणते, एक मला, एक बाबांना नेऊन द्यायला. आजही सवयीने दोन आणले. डबा उघडला आणि तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "असू दे, मी खातो."

दोन्ही मीच खाल्ले. चेरी नेहमीपेक्षा चांगली होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. पाणी वाया जातंय असं मला वाटत होतं.


सोमवार, २२ एप्रिल

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. बाकावर बसतो. संघ हरतो किंवा बरोबरी करतो. कधी शेवटची दहा मिनिटं आत जातो, धावतो, बाहेर येतो.

आज ईस्टर सोमवार. लोरेदानाच्या बहिणीकडे जेवण होतं, कोकराचं मटण, भरलेल्या तळलेल्या ऑलिव्हची परात. तिच्या नवऱ्याने विचारलं, "काय रे, वाचणार का तुमचा संघ?" मी म्हटलं, "वाचेल किंवा नाही वाचणार." त्याने ऑलिव्हची परात पुढे सरकवली.

परतताना लोरेदानाने गाडी समुद्राकाठी थांबवली. "मी एक बोलू? तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे घरात बंद पडलेला फ्रिज ठेवल्यासारखं झालंय. जागा अडवतो, दार उघडलं की आत दिवाही लागत नाही."

"मग दुरुस्तीला बोलव कुणाला."

"विनोद नको करूस, एर्मेस. सहा महिने झाले. तू रडला नाहीस. अंत्यविधी गुरुवारी आणि रविवारी तू हाताला काळी पट्टी बांधून खेळलास. मी म्हटलं होतं की नको जाऊस."

"घरी बसून काय केलं असतं?"

"रडला असतास. लोक तेच करतात."

मी काचेतून बघत होतो. किनाऱ्यावर एक बाप पतंग उडवायला शिकवत होता, पतंग काही वर जात नव्हता. मला वाटलं, विचारतेच आहे तर सांगून टाकावं. म्हटलं, "मला तो हॉर्न कधीच ऐकू आलेला नाही."

"कुठला हॉर्न?"

"बाबांचा. आत पाच-सहा हजार माणसं बोंबलत असतात, लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारतात. पार्किंगमधल्या पांडाचा हॉर्न कसा ऐकू येणार? एकदाही नाही आला. मी आपला हात कानाला लावायचो. आणि घरी आलो की सांगायचो, ऐकला."

"त्यांना कधी खरं नाही सांगितलंस?"

"कशाला?"

लोरेदानाने माझा हात हातात घेतला. ती रडत होती. तिला काय झालं ते माझ्या लक्षात येईना. मी तर एक साधी गोष्ट सांगितली होती.


सोमवार, ६ मे

मोसम संपला. खालून दुसरे आलो. आता घसरण टाळायला दोन सामने, एक इथे, एक तिथे. हरेल तो खालच्या विभागात जाणार, जिथे माणसं दिवसा दुसरीकडे कामाला जातात आणि संध्याकाळी फुटबॉल खेळतात. माझ्यासाठी तसं झालं तर संपलंच. चौतिसाव्या वर्षी तिथून परत कुणी वर बोलवत नाही.

समोर कोण आलं असेल? रोक्काल्बा.

ओदो म्हणतो, "देवाला तुझ्याकडून अजून एकदा नाडी बांधून हवीय."


रविवार, १९ मे

पहिला सामना घरी, १-१. मी बाकावर होतो. मिस्टरांनी शेवटी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी दुसऱ्याला पाठवलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

रोक्काल्बा गुणतक्त्यात आमच्या वर आहे, म्हणून पुढच्या रविवारी बरोबरी झाली तरी ते वाचतील. आम्हाला जिंकावंच लागेल.

सेत्तिमिओने पुन्हा फोन केला. "मे संपत आला रे! गुरुवारी ये. नाहीतर मी तिला क्रेनला लावून देतो, मग बस डोकं धरून."


गुरुवार, २३ मे

सकाळी रोक्काल्बाला गेलो. घरात गेलो नाही, सरळ गॅरेजवर. सेत्तिमिओने गाडी आधीच आणून ठेवली होती. कपाळावर चष्मा, तोंडात न पेटवलेली सिगारेट. आधी रविवारचा विषय काढला.

"गोल केलास तर तुझी गाडी मी हातोड्याने भंगार करीन. आधीच सांगून ठेवतो."

"मी बाकावर असतो, सेत्तिमिओ. घाबरू नका."

"छान. तिथेच बस. थंड सावली असते." मग बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "ब्रेक ठीक, दिवे ठीक. हॉर्न जोडावा लागेल तपासणीपुरता. नंतर नेहमीसारखा तोडू की राहू देऊ?"

मला नीट समजलं नाही. "हॉर्न तोडायचा म्हणजे?"

"वायर रे. दर दोन वर्षांनी मी ती जोडतो, तपासणी करून आणतो आणि परत कापतो. कापेपर्यंत तुझा बाप इथून हलायचा नाही, डोक्यावर उभा."

"हॉर्न चालत नव्हता?"

"गेली नऊ वर्षं नाही."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. त्याने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुला बोललाच नाही का तो? घ्या! मला म्हणाला होता की एर्मेसला माहितीय."

मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात आमचा सामना होता आणि मी शेवटच्या मिनिटाला गोल केला. बाबा तिथल्या लोकांच्या पार्किंगमध्ये होते. हॉर्न दाबला, आणि सोडलाच नाही. तिकीट न मिळालेली पाच-सहा टाळकी बाहेर दारू पीत उभी होती. पुढची काच फोडली. बाबांना बाहेर ओढलं. भुवईवर टाके पडले.

ती खूण मला माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं असं ते म्हणाले होते. आईची ती कपाटं उंचीला चुकलेलीच होती, मी लगेच विश्वास ठेवला. त्या संध्याकाळी कपाळाला पट्टी बांधून ते टेबलाशी बसले होते, आणि आधी त्यांनी विचारलं होतं, "वाजवला होता. ऐकलास?"

"दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला," सेत्तिमिओ म्हणाला. "म्हणाला, माझा हात ऐकत नाही, गोल झाला की आपोआप जातो. पुन्हा असं झालं आणि पोराला कळलं तर तो मला घरी बसवील. तू वायरच काप. मी म्हटलं, अरे सामन्याला जाऊ नकोस मग. तर माझ्यावरच ओरडला."

"म्हणजे नंतर ते वाजवतच नव्हते."

"वाजणार कसा? पण इकडे ये." त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "हे बघ. मला एक कळत नाही. मुका हॉर्न कोण दाबतं?"

स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे हॉर्न दाबतात, तिथलं काळं प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालं होतं. अंगठ्याच्या खालच्या भागाएवढा डाग. कातडं कापणाऱ्या माणसाच्या हाताला तिथे घट्टा असतो. मी त्यावर हात ठेवला. माझा हात मोठा आहे, डाग झाकला गेला.

सेत्तिमिओ काहीतरी विचारत होता. वायरचं. मी म्हटलं, नंतर सांगतो.

घरी येऊन लोरेदानाला सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे ते म्हणायचे वाजवला आणि तू म्हणायचास ऐकला." आणि उठून भाजीखालचा गॅस बंद केला.

मला अजून काही वाटत नाही. फक्त जेवण गेलं नाही. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा ताटात टाकलं.


शनिवार, २५ मे

सराव संपल्यावर मिस्टरांकडे गेलो. म्हटलं, उद्या मला खेळवा.

"का? तू दमलायस ना?"

"हो. तरी खेळवा."

"ओरडशील?"

"ते नाही सांगता येत."

ते मैदानाकडे बघत हनुवटी खाजवत राहिले. "दुसऱ्या अर्ध्यात," म्हणाले.


रविवार, २६ मे

अक्षर बिघडतंय.

दुसऱ्या अर्ध्यात आत गेलो. ०-० चालू होतं, म्हणजे रोक्काल्बा वाचत होतं. मी मैदानात पाऊल टाकलं तर त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आपला एर्मेस, जुन्या वळणाचा. माझ्या शाळेतल्या बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी हात केला.

शेवटी शेवटी ओदोने मागून लांब चेंडू टाकला. त्यांच्या बचावपटूचा पाय घसरला. मी पुढे गेलो, गोलरक्षक बाहेर आला, मी त्याच्या बाजूने सरकवला. खास काही नव्हतं. चेंडू हळूहळू आत गेला, मला वाटलं पोचतोय की नाही.

हात आपोआप गेला. मी नेला नाही. उजवा हात कानामागे जाऊन बसला आणि मी सरूच्या झाडांकडे तोंड करून उभा राहिलो.

जे लोक फेब्रुवारीत उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेच आता उभे राहून आईबहिणीवरून शिव्या देत होते. गद्दार, विकाऊ, बहिऱ्या. पाण्याची बाटली आली, पाठोपाठ एक बूट आला, चांगला शिवलेला, आपल्याच भागातला. शाळेतल्या बाईंनीही काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. रेफ्री धावत आला, चिथावणी दिली म्हणून पिवळं कार्ड. मी त्याला एक मिनिट थांबा म्हणून खूण केली. मी ऐकत होतो.

झाडांमागून काही आवाज आला नाही.

नेहमीही येत नव्हता. इतकी वर्षं, प्रत्येक गोलानंतर मी हेच ऐकत आलो होतो. यात काहीच बदललं नव्हतं. तिकडे काचा वर केलेल्या गाडीत ते मुका हॉर्न दाबतायत, इकडे मी ऐकतोय, मधे हजारो माणसांचा गोंगाट. जसंच्या तसं. फरक एवढाच होता की आज घरी गेल्यावर विचारणारं कुणी नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं, तिथे, पिवळं कार्ड डोक्यावर असताना, आणि मी गवतावरच खाली बसलो.

मी रडलो. रडलो म्हणजे लहान पोरासारखा, नाकातोंडातून. ओदोने येऊन मला उचललं. त्याला वाटलं बूट लागला.

"कुठे लागलं? डोक्याला?"

"बाबा गेले रे, ओदो."

"अरे..." तो गोंधळला. "ते तर ऑक्टोबरात..."

"हो," मी म्हटलं.

तो मला धरून उभा राहिला. बाटल्या येत होत्या तिकडे स्वतःची पाठ केली.

आम्ही १-० जिंकलो. वाचलो. बसमध्ये पोरं गात होती, मिस्टरांनी टाय डोक्याला बांधला होता. माझ्या शेजारी ओदो झोपलेला. मी अख्खा रस्ता रडत होतो आणि कुणी मला गप्प करायला आलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.


सोमवार, २७ मे

रोक्काल्बात दुकानांच्या दारावर काळ्या फिती. माझ्यामुळे. टोपी खाली ओढून गेलो तरी दोघांनी ओळखलं, एकजण थुंकला.

सेत्तिमिओ गॅरेजच्या दारातच उभा होता. हातात हातोडा. मला वाटलं, खरंच फोडली की काय. गाडी धुऊन पुसून उभी होती, काचेवर तपासणीचा नवा कागद.

"घेऊन जा. तुझं तोंड बघायचं नाही मला वर्षभर."

"वायर?"

"कापली. तुझ्या बापाला शब्द दिला होता." किल्ली माझ्या हातात आपटली. मी गाडीत बसलो तसा खिडकीतून वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काल तुझा गोल रेडिओवर ऐकला. आत जायची हिंमत झाली नाही." मग बॉनेटवर थाप मारली. "चल, नीघ आता."

त्याच्याकडून घराची चावीही घेतली. शनिवारी लोरेदाना आणि मी जाणार आहोत, कपाटांपासून सुरुवात करू.

पांडा तिसऱ्या गिअरला कुरकुरते. रेडिओ लावला तर बाबांचंच स्टेशन लागलं, बातमीदार रोक्काल्बाच्या नावाने गळा काढत होता. मी बंद केला नाही. पोर्तोवेल्लोला पोचलो तेव्हा आमच्या इमारतीचं फाटक बंद होतं. गाडीतून हात लांब करून बेल दाबता येत नाही, म्हणून स्टिअरिंगवर हात ठेवला, त्या गुळगुळीत जागी, आणि दाबला. दोनदा.

मग उतरून फाटक उघडलं, गाडी आत घेतली. लोरेदाना वर बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"आलास? अरे, खालून हॉर्न तरी द्यायचास, मी बटण दाबून उघडलं असतं."

"वाजवला होता," मी म्हटलं. "ऐकलास?"

तिच्या हातात माझा ओला शर्ट होता. ती कठड्यावरून वाकून आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

"ऐकला," ती म्हणाली. "ये वर, जेवायचं झालंय."